विमानबंदीतून निघालेला बुडबुडा

मोटारीचे दार डावीकडे असते किंवा उजवीकडे. १९५५ च्या वसंतात बीएमडब्ल्यू कंपनीने पश्चिम जर्मनीत एक मोटार विकायला काढली, तिचे एकुलते एक दार नाकावर होते. फ्रीज उघडावा तसा समोरचा सगळा पत्रा उघडायचा, स्टिअरिंग त्या दाराबरोबर बाजूला झुकायचे आणि आत बसलेली दोन माणसे उठून सरळ पदपथावर पाऊल ठेवायची. फ्रीजची उपमा उगाच दिलेली नाही. या मोटारीचा मूळ आराखडा ज्या इटालियन कंपनीचा होता, ती खरोखरच फ्रीज बनवत असे.

अंड्यासारखा आकार, फुगीर काचा, खेळण्यासारखी चाके. युद्धोत्तर युरोपातल्या या मोटारींना इंग्रजांनी ‘बबल कार’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. आज त्या संग्रहालयांत आणि जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत दिसतात आणि बघणाऱ्याला हमखास हसू येते. पण त्यांच्या नाकावरची नावे वाचावीत. एकीवर मेसरश्मिट. दुसरीवर हाइन्केल. तिसरीचा आराखडा कोणी केला हे शोधले तर नाव निघते डॉर्निअर.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात हीच तीन नावे घोंघावत होती. मेसरश्मिटची लढाऊ विमाने, हाइन्केल आणि डॉर्निअरची बाँबफेकी विमाने. त्यानंतर दोन दशके उलटण्याच्या आत लंडनमधला एखादा कारकून हाइन्केलच्या बुडबुड्यात बसून कचेरीत जाऊ लागला होता. हे कसे घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. विजेत्या राष्ट्रांनी त्याच्यावर जी बंधने घातली त्यांत विमाने बनवण्यावरची बंदी होती. पश्चिम जर्मनीला मे १९५५ मध्ये सार्वभौमत्व मिळेपर्यंत ती टिकली. दहा वर्षे हा काळ उद्योगासाठी फार मोठा असतो. पातळ पत्र्याला हवा तसा बाक देणारे, वजनाचा ग्रॅम ग्रॅम वाचवणारे, पारदर्शक प्लास्टिकचे घुमट ओतणारे हजारो कसबी हात एकाएकी रिकामे झाले.

काही जण देश सोडून गेले. फॉके-वुल्फ कंपनीचा प्रमुख अभियंता कुर्ट टांक आधी अर्जेंटिनात गेला आणि १९५६ मध्ये भारतात आला. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘मरुत’ हे लढाऊ जेट १९६१ मध्ये प्रथम उडाले. जे मायदेशी राहिले त्यांना मिळेल ते काम करावे लागले. मेसरश्मिटच्या कारखान्यांत शिवणयंत्रे बनू लागली, तयार घरांचे भाग बनू लागले.

पराभूत देशांतल्या विमान कंपन्यांची ही अवस्था फक्त जर्मनीपुरती नव्हती. इटलीत पिआज्जो ही विमाने बनवणारी कंपनी १९४६ मध्ये स्कूटरकडे वळली. कोरादीनो दास्कानियो या हेलिकॉप्टरच्या अभियंत्याने तिच्यासाठी व्हेस्पा घडवली. जपानात नाकाजिमा या विमान कंपनीच्या अवशेषांतून त्याच वर्षी ‘रॅबिट’ स्कूटर निघाली आणि १९५८ मध्ये सुबारू ३६० ही चिमुकली मोटार. व्हेस्पा पुढे परवान्याने भारतात आली, पुण्याजवळ आकुर्डीत बजाजच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. तेव्हा महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी ज्या स्कूटरवर संसार वाहिला, तिच्या वंशावळीतही एक जमिनीवर उतरवलेले विमान आहे.

आता दुसरी बाजू, घेणाऱ्यांची. १९५० च्या आसपास जर्मनीत कामावर जाणारा माणूस सायकलवरून मोटारसायकलवर आला होता. ही बाजारपेठ इतकी फुगली की १९५५ मध्ये एनएसयू ही जर्मन कंपनी जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक होती. पण जर्मनीचा हिवाळा म्हणजे बर्फ, आणि उन्हाळ्यातही पाऊस. मागे बायको, पुढे पेट्रोलच्या टाकीवर मूल आणि वरून धार. मुंबई-पुण्याच्या पावसात स्कूटरवरून कुटुंब नेलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. खरी मोटार, म्हणजे फोक्सवॅगनची बीटल, या माणसाच्या आवाक्याबाहेर होती. त्याला तूर्त फक्त डोक्यावर छप्पर हवे होते.

बबल कार समजून घ्यायची तर ती छोटी मोटार म्हणून पाहू नये. ती छप्पर घातलेली मोटारसायकल होती. इंजिन मोटारसायकलचे, चाके स्कूटरची, कायद्याने लागणारा परवाना मोटारसायकलचा. विमानाच्या कारखान्याने तिला फक्त कवच दिले.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस मात्र ना कारखानदार होता ना प्रसिद्ध. फ्रिट्झ फेन्ड हा युद्धात विमानांवर काम केलेला तरुण अभियंता. युद्धानंतर बव्हेरियातल्या रोझेनहाइम गावी त्याने छोटा कारखाना थाटला. तेव्हाच्या जर्मनीत लाखो सैनिक हात किंवा पाय गमावून परतले होते. पाय नसलेला माणूस मोटारसायकल चालवू शकत नाही आणि मोटार विकत घेऊ शकत नाही. अशा माणसासाठी फेन्डने १९४८ मध्ये एका आसनाची तीनचाकी बनवली. पहिल्या गाडीला इंजिनही नव्हते. हँडल पुढेमागे हलवून ती हातांच्या जोरावर चालवायची. मग छोटे इंजिन आले. गाडीचे नाव ‘फ्लिट्झर’.

फेन्डच्या लक्षात एक गोष्ट आली. मागणी धडधाकट माणसांकडूनही येत होती. दोन्ही पाय शाबूत असलेले लोक अपंगांची गाडी मागत होते, कारण तिला छप्पर होते आणि ती परवडत होती. दोन आसनांची गाडी मोठ्या संख्येने बनवली तर खपेल, असा हिशेब त्याने मांडला. त्यासाठी मोठा कारखाना हवा होता. १९५२ मध्ये तो विली मेसरश्मिटकडे गेला. मेसरश्मिटचा रेगेन्सबुर्गचा कारखाना काम शोधतच होता.

रेगेन्सबुर्ग हे नाव युद्धेतिहासाच्या वाचकांना ठाऊक असेल. १७ ऑगस्ट १९४३ या दिवशी अमेरिकी हवाई दलाने एकाच मोहिमेत दोन जर्मन शहरांवर बाँबफेक केली. रेगेन्सबुर्गला मेसरश्मिटचा विमान कारखाना होता आणि श्वाइनफुर्टला बॉलबेअरिंगचे कारखाने. त्या एका दिवसात अमेरिकेची ६० बाँबफेकी विमाने पडली. दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, फेन्डची गाडी बाजारात आली तेव्हा तिचे कवच रेगेन्सबुर्गला बनत होते आणि इंजिन येत होते फिष्टेल उंड झाक्स कंपनीकडून, म्हणजे श्वाइनफुर्टहून. एका मोहिमेची दोन लक्ष्ये आता मिळून एक खेळण्याएवढी गाडी बनवत होती.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण कारखाना म्हटले की त्यात राबणारी माणसे आली. युद्धाच्या उत्तरार्धात मेसरश्मिटच्या विमानांसाठी फ्लोसेनबुर्ग आणि माउटहाउझेन-गुझेन या छळछावण्यांतील कैदी राबवले गेले. गुझेनजवळ डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांत ‘मे २६२’ या जेट विमानाचे सांगाडे बनत. ते बोगदे खोदताना आणि त्यांत राबताना हजारो माणसे मेली. हाइन्केलच्या ओरानिएनबुर्ग कारखान्यात साक्सेनहाउझेन छावणीचे कैदी होते. बीएमडब्ल्यूच्या आल्लाख येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यात डाखाऊचे. १९४८ मध्ये विली मेसरश्मिट नाझीनिर्मूलन न्यायाधिकरणापुढे उभा राहिला आणि ‘प्रवाहाबरोबर गेलेला’ अशा सौम्य वर्गात त्याची गणना होऊन सुटला. चार वर्षांनी फेन्ड त्याच्या दारी आला तेव्हा कारखाना आणि नाव, दोन्ही त्याच्याकडे होते.

गोड दिसणाऱ्या वस्तूंची उलटतपासणी सहसा कोणी करत नाही. बबल कारच्या आठवणी रंगवून सांगताना हा भाग गाळला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम मांडला. ज्या घरात बाप-मुलगा रविवारी या गाडीत बसून तळ्यावर जात, त्या घराला नव्या आयुष्याची सुरुवात करण्याचा पूर्ण हक्क होता. पण नाकावरच्या नावालाही तीच सवलत मिळाली, आणि ती फार स्वस्तात मिळाली.

आता गाडीकडे वळू. १९५३ ची केआर १७५ आणि १९५५ ची सुधारलेली केआर २००. केआर म्हणजे ‘काबिनेनरोलर’, केबिन असलेली स्कूटर. दोन आसने एकामागे एक, विमानातल्या वैमानिक आणि त्याच्या साथीदारासारखी. दार नाही, वरचा पारदर्शक घुमट बाजूला उलटायचा आणि आत उतरायचे. स्टिअरिंगच्या जागी हँडल. पुढे दोन चाके, मागे एक. केआर २०० चे इंजिन १९१ सीसीचे, ताकद १० अश्वशक्ती. तरीही गाडी हलकी आणि निमुळती असल्याने ताशी ९० किलोमीटरपर्यंत जात असे. जर्मन लोकांनी तिला ‘हिमगौरीची शवपेटी’ असे नाव ठेवले. काचेच्या पेटीत निजलेल्या राजकन्येची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला यातला खवचटपणा कळेल.

तो घुमट शिल्लक राहिलेल्या लढाऊ विमानांचा होता, अशी दंतकथा आजही सांगितली जाते. ती खरी नाही; घुमट या गाडीसाठी वेगळा बनवला जाई. मात्र तो बनवण्याची कल्पना आणि कसब विमानाचेच होते, हे निर्विवाद.

या गाडीची मागे जाण्याची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाला फिरण्याची ठरावीक दिशा नसते. सुरू करताना ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला ते चालत राहते. अभियंत्यांनी याचाच उपयोग केला. गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे आणि किल्लीने उलट्या दिशेने पुन्हा सुरू करायचे. मग पुढे जाण्याचे चारही गिअर मागे जाण्यासाठी हजर. म्हणजे तत्त्वतः ही गाडी जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शकली असती. कोणी शहाण्याने हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आल्प्सच्या पलीकडे इटलीत दुसरी वाट निघाली. मिलानजवळ ब्रेसोला रेन्झो रिव्होल्टा यांची ‘इझो’ कंपनी फ्रीज आणि मग स्कूटर बनवत होती. तिच्यासाठी एर्मेनेजील्दो प्रेती आणि पिएरलुइजी राजी या अभियंत्यांनी एक अंडाकृती मोटार आखली. प्रेती मूळचा विमानवालाच. युद्धकाळात त्याने मालवाहू ग्लायडरचा आराखडा केला होता. ही गाडी नोव्हेंबर १९५३ मध्ये तूरिनला लोकांपुढे आली. नाव ‘इझेटा’, म्हणजे छोटी इझो.

इझेटातली प्रत्येक विचित्र गोष्ट हिशेबातून आलेली आहे. लांबी जेमतेम सव्वादोन मीटर. एवढ्या लांबीत चाके, आसन आणि इंजिन बसवल्यावर कडेला दाराला सोयीची जागा उरत नाही, म्हणून दार पुढे. अंड्याचे कवच पातळ असूनही मजबूत असते, तसाच गोलावा दिला की पत्रा पातळ चालतो. मागची दोन चाके एकमेकांना इतकी चिकटून की वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरवणारा डिफरन्शियल हा महागडा भाग लागतच नाही. गाडी रस्त्याच्या कडेला आडवी, नाक पदपथाकडे करून उभी करता येई, कारण उतरायचे पुढूनच. सौंदर्याचा विचार यात शेवटी आला असावा. तरी ती सुंदर झाली.

इटलीत मात्र इझेटाचे फारसे जमले नाही. फियाटने १९५५ मध्ये ‘६००’ ही चार माणसांची खरी मोटार आणली आणि इटालियन ग्राहक तिकडे वळला. रिव्होल्टा यांनी शहाणपणाने परवाने विकायला काढले. फ्रान्समध्ये ती ‘व्हेलाम’ झाली. ब्राझीलमध्ये यंत्रे बनवणाऱ्या रोमी कंपनीने १९५६ पासून ‘रोमी-इझेटा’ बनवली आणि त्या देशाच्या मोटार उद्योगाच्या आरंभकथेत तिला मानाचे पान आहे. आणि सर्वांत मोठा परवाना घेतला बीएमडब्ल्यूने.

आजच्या बीएमडब्ल्यूला डोळ्यांसमोर आणू नका. १९५४ ची बीएमडब्ल्यू अडचणीत सापडलेली कंपनी होती. तिच्या मोठ्या, डौलदार मोटारी घ्यायला देशात पुरेसे श्रीमंत नव्हते आणि ज्या मोटारसायकलींवर ती जगत होती त्यांचा खप उतरू लागला होता. इझेटाच्या कवचात तिने आपल्या मोटारसायकलचे २४७ सीसीचे, १२ अश्वशक्तीचे इंजिन बसवले. वेग ताशी ८५ किलोमीटर. किंमत साधारण अडीच हजार मार्क, बीटलपेक्षा हजाराहून अधिक मार्कांनी कमी. १९६२ पर्यंत बीएमडब्ल्यूने १ लाख ६१ हजारांहून अधिक इझेटा बनवल्या. दोन माणसांना अगदी खेटून बसावे लागे, म्हणून जर्मन लोकांनी तिला लाडाने ‘चुंबनगोळा’ म्हटले.

२४७ सीसी हा आकडा योगायोगाचा नव्हता. पश्चिम जर्मनीत चालकाच्या परवान्याचा चौथा वर्ग होता. १ डिसेंबर १९५४ पूर्वी ज्यांनी तो मिळवला त्यांना २५० सीसीपर्यंतचे कोणतेही वाहन चालवता येई, मग त्याला चाके कितीही असोत. मोटारसायकल चालवणाऱ्या पिढीकडे हाच परवाना होता. पुन्हा शिकणे नाही, परीक्षा नाही, फी नाही. कायद्याच्या एका कलमाने इंजिनाचे माप ठरवले आणि इंजिनाने गाडीचे. बव्हेरियात शेतीची अवजारे बनवणाऱ्या हान्स ग्लास यांनी १९५५ मध्ये हाच हिशेब करून ‘गोगोमोबिल’ काढली. ती बुडबुड्यासारखी नव्हती, आकसलेल्या साध्या मोटारीसारखी दिसे, आणि कदाचित म्हणूनच ती १९६९ पर्यंत टिकली.

हाइन्केलने १९५६ मध्ये आपली ‘काबिने’ आणली. दारही पुढेच, पण स्टिअरिंग जागेवर स्थिर. दाराबरोबर झुकणाऱ्या स्टिअरिंगचे पेटंट इझोकडे होते. दोन वर्षांत हाइन्केलने तिचा नाद सोडला. मग ती आयर्लंडमधल्या डंडॉकच्या जुन्या रेल्वे कारखान्यात आणि नंतर इंग्लंडमध्ये ‘ट्रोजन’ या नावाने बनत राहिली. डॉर्निअरच्या घराण्यातून आलेल्या आराखड्यावर त्स्युंडाप या मोटारसायकल कंपनीने १९५७ मध्ये ‘यानुस’ काढली. यानुस म्हणजे दोन तोंडांचा रोमन देव. एक दार पुढे, एक मागे, प्रवासी पाठीला पाठ लावून बसलेले. मागच्या प्रवाशांना सबंध प्रवासभर मागून येणाऱ्या ट्रकचालकाचे तोंड पाहावे लागे. सात हजारही गाड्या निघाल्या नाहीत.

एवढ्यावर ही कथा बहुतांशी जर्मन राहिली असती. पण २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला चढवला, इजिप्तने जहाजे बुडवून कालवा बंद केला आणि पश्चिम युरोपचे तेल अडले. ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर १९५६ पासून मेच्या मध्यापर्यंत पेट्रोलवर रेशनिंग होते. ज्या गाड्यांची काल टर उडवली जात होती त्या आज शहाणपणाच्या वाटू लागल्या. एका राष्ट्राध्यक्षाच्या भाषणाने मोटारींची इतकी जाहिरात क्वचितच झाली असेल.

इझेटा ब्रिटनमध्येच बनू लागली, ब्रायटन शहरातल्या जुन्या रेल्वे कारखान्यात. तिथे मार्च १९५७ मध्ये शेवटचे वाफेचे इंजिन तयार झाले आणि त्याच वर्षी इझेटा जोडायला सुरुवात झाली. कारखान्याला रस्ताच नव्हता. सुटे भाग आगगाडीने आत येत आणि तयार मोटारी आगगाडीनेच बाहेर जात. रस्त्यावर धावायला जन्मलेल्या वाहनाने पहिला प्रवास रुळांवरून करावा, यात त्या काळाचा सगळा अर्धवटपणा आला.

ब्रिटिश कायद्याने जर्मन कायद्यापेक्षाही गमतीचे काम केले. तिथे हलक्या तीनचाकीला कर कमी पडे आणि मागे जाण्याचा गिअर नसेल तर ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. त्यामुळे ब्रिटिश गिऱ्हाइकांसाठी चारचाकी इझेटाचे एक मागचे चाक काढले गेले आणि चांगला चालणारा रिव्हर्स गिअर बंद केला गेला. याचा परिणाम वाचकांनी स्वतःच कल्पून पाहावा. दार पुढे आहे, गाडी मागे जात नाही, आणि चालकाने ती नाकासमोरच्या भिंतीपर्यंत गॅरेजात घातली आहे. आता बाहेर यायचे कसे? अशा प्रसंगी छपरावरची कापडी झडप उघडून वर चढणे हाच मार्ग.

आयल ऑफ मॅन बेटावर पील कंपनीने १९६२ मध्ये ‘पी ५०’ काढून या प्रकाराचे टोक गाठले. लांबी १३७ सेंटिमीटर, आसन एक, इंजिन ४९ सीसी, मागे जाण्याचा गिअर नाही. मागे एक मूठ बसवलेली होती. उतरायचे, मूठ धरून गाडी उचलायची आणि हवी तिकडे वळवायची.

तोवर खेळ संपत आला होता. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना रस्त्यावर दिसणाऱ्या बबल कारचा तिटकारा होता. सुएझच्या संकटात त्यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितले की लहान पण खरी मोटार करून या गाड्यांना रस्त्यावरून घालवून द्या. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ जाहीर झाली. इंजिन आडवे बसवल्याने जेमतेम तीन मीटर लांबीत चार माणसे आणि सामान मावले. इटलीत दान्ते जाकोसा यांची फियाट ‘नुओव्हा ५००’ १९५७ मध्येच आली होती.

बबल कार मिनीने संपवली असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धे खरे आहे. पश्चिम जर्मनीत बुडबुडे फुटले ते वेगळ्या कारणाने. १९५० च्या दशकात तिथली मजुरी वर्षागणिक वाढत गेली आणि १९५३ मध्ये ज्याला फक्त छप्पर हवे होते त्याला १९५९ मध्ये मागचे आसन, सामानाची जागा आणि शेजाऱ्यांपुढे मान हवा होता. तो बीटलकडे गेला. बबल कारच्या ग्राहकाने तिला टाकले, कारण त्याचे बरे चालले होते. कारखानदारांनीही तेच केले. १९५५ मध्ये विमानबंदी उठली आणि मेसरश्मिटचे मन पुन्हा आकाशाकडे वळले. १९५६ मध्ये रेगेन्सबुर्गचे मोटार उत्पादन फेन्ड आणि त्याच्या भागीदाराच्या हाती आले. फेन्डने ते १९६४ पर्यंत चालवले. अपंग सैनिकांसाठी गाडी आखणारा माणूसच शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिला.

बीएमडब्ल्यूला इझेटाने जगवले, पण श्रीमंत केले नाही. ९ डिसेंबर १९५९ च्या सर्वसाधारण सभेत कंपनी डाइम्लर-बेन्झच्या हवाली करण्याचा प्रस्ताव होता. छोट्या भागधारकांनी आणि विक्रेत्यांनी तो हाणून पाडला, मग हर्बर्ट क्वांट यांनी पैसा ओतला. १९६६ मध्ये याच बीएमडब्ल्यूने गोगोमोबिलवाल्या ग्लास यांची कंपनी विकत घेतली. त्यांच्या डिंगोलफिंग गावी आज बीएमडब्ल्यूचा युरोपातला सर्वांत मोठा कारखाना आहे.

जिथे उत्पन्न तितक्या वेगाने वाढले नाही तिथे ही गरज जिवंत राहिली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत स्वतःच्या हिकमतीवर ‘मीरा’ ही छोटी मोटार पुनःपुन्हा घडवली; सामान्य माणसाला परवडणारी गाडी हेच त्यांचे उद्दिष्ट होते. परमिटच्या त्या काळात ती मोठ्या उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. १९७० च्या दशकात बंगळुरूला ‘बादल’ ही तीनचाकी मोटार निघाली, तीही फार चालली नाही. जर्मनीत कायद्याच्या एका कलमाने या गाड्यांना बाजार मिळवून दिला होता. आपल्याकडे शासनाच्या कागदांनी काय केले, हा वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.

शेवटी एक प्रसंग सांगतो. १९६४. बर्लिनची भिंत उभी राहून तीन वर्षे होत आली होती. पश्चिम बर्लिनमधल्या एका तरुण मेकॅनिककडे जुनी इझेटा होती आणि पूर्व बर्लिनमध्ये अडकलेला एक मित्र. भिंतीवरचे पहारेकरी मोठ्या मोटारींची डिकी उघडत, आसनांखाली हात घालत. मेकॅनिकने इझेटातला हीटर काढला, बॅटरी हलवली, पेट्रोलची टाकी काढून तिथे दोन लिटरचा डबा बसवला. इंजिनाशेजारी आसनामागे जी पोकळी तयार झाली तिच्यात एक माणूस अंगाची घडी करून कसाबसा मावत होता. मे महिन्यातल्या एका रात्री ती गाडी त्या मित्राला पोटात घेऊन तपासणी नाक्यावर उभी राहिली. एवढ्याशा गोळ्यात आणखी एक माणूस असेल अशी शंका पहाऱ्यावरच्या कोणाला आली नाही. अडथळा वर उचलला गेला आणि इझेटा पश्चिमेकडे निघून गेली.